सुखरूप असल्याचा जबाब

दोन दिवसांच्या दौऱ्याची तयारी मी अकरा दिवस करत होते. त्यात कामाच्या तयारीला पाऊण तास लागला. बाकीचा सगळा वेळ माझ्या सुरक्षिततेने खाल्ला.

काम साधं होतं. आमची कंपनी ऑटोक्लेव्ह बनवते. ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या दाबाखाली जंतुमुक्त करणारं हे यंत्र; दिसायला तिजोरीसारखं आणि स्वभावाने पोक्त बाईसारखं, म्हणजे आतून कितीही तापलं तरी दार उघडायचं नाही. एकोणीस वर्षं मी ही यंत्रं वर्कशॉपमध्ये दुरुस्त करते आहे. गावोगाव फिरून दुरुस्ती करणारे आमचे मेकॅनिक निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज दिला. फिरतीसाठी बाईने अर्ज देण्याची कंपनीत ही पहिलीच वेळ. मॅनेजरनी तो दोनदा वाचला, मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "एक दौरा करून दाखवा. नीट पार पडला तर जागा तुमची."

"नीट पार पडला हे कसं ठरणार?"

"काम झाल्याच्या अहवालावर रुग्णालयाची सही आणा. सही नाही तर दौरा नाही."

बसने पाच तासांवरच्या एका रुग्णालयातलं यंत्र बंद पडलं होतं. दार नीट लागत नव्हतं, वाफ गळत होती, आणि त्यापायी सव्वीस ऑपरेशनं खोळंबली होती. मी हत्यारांची पेटी भरली, दाराचं नवं गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारं रबरी कडं, घेतलं. हाच तो पाऊण तास.

मग आमचे प्रशासन अधिकारी कामाला लागले. ऑफिसात त्यांना रकानेसाहेब म्हणतात. 'कसे आहात' असं विचारलं तर ते 'लागू नाही' म्हणतील, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांनी माझ्यासाठी एक नवीन प्रपत्र तयार केलं. नाव, प्रवासी महिला कर्मचारी सुरक्षा प्रपत्र. रकाने चौदा. चौथा रकाना 'प्रवासात भीती वाटण्याची शक्यता, टक्केवारीत' असा होता. मी तीन टक्के लिहिले. त्यांच्या मते एवढ्या कमी भीतीला मंजुरी मिळणं अवघड होतं. बऱ्याच घासाघाशीनंतर आम्ही पंधरावर तडजोड केली.

नववा रकाना होता, 'स्थानिक विश्वासू व्यक्ती'.

"मी तिथे कुणालाच ओळखत नाही," मी म्हटलं.

"मी ओळखतो ना. तिथले भांडारप्रमुख. आपली सगळी खरेदी त्यांच्याच हातून होते. पंधरा वर्षांचे संबंध आहेत. घरचाच माणूस समजा." आणि त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात रकाना भरूनही टाकला. अहवालावर सहीसुद्धा तेच करणार होते, त्यामुळे एका माणसात दोन कामं उरकली याचं त्यांना समाधान वाटलं.

घरी नवरा माझ्याही आधी दौऱ्यावर निघाल्यासारखा वागत होता. त्याने चावीच्या जुडग्याला अडकवायचा एक भोंगा मागवला. पिन ओढली की तो कोकलतो. तो कसा चालतो हे दाखवताना नवऱ्याने पिन ओढली आणि ती परत बसवायचं कलम माहितीपत्रकात शोधत राहिला. त्या पावणेचार मिनिटांत वरच्या मजल्यावरचे सावधानकाका जिना उतरून आमच्या दारात आले. हे एका कारखान्याच्या अग्निसुरक्षा विभागातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर आग लागेना, म्हणून ते बाकीच्या संकटांकडे वळले होते.

"सूनबाई, भोंगा ठीक आहे, पण भोंग्यावर विसंबायचं नाही," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. मग त्यांनी मला कवायतीची पितळी शिट्टी दिली, दाराखाली घालायची रबरी पाचर दिली (ती पुढे आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराखाली अडकली आणि तिथेच राहिली), आणि अनोळखी माणसाशी बोलताना पाय कसे ठेवायचे हे करून दाखवलं. दाखवताना त्यांच्या गुडघ्यात कळ आली. नवऱ्याने आणि मी त्यांना धरून वर पोहोचवलं.

सगळ्यात घातक सूचना मात्र वरवर निरुपद्रवी होती. फोनवर एक गट काढायचा, आणि मी दर तासाला त्यात 'सुखरूप' एवढा एकच शब्द लिहायचा. गटात नवरा, सासूबाई, सावधानकाका आणि रकानेसाहेब. सासूबाईंनी यावर काही मत दिलं नाही. त्यांनी फक्त बस किती वाजता आहे ते विचारलं आणि टीव्हीचा आवाज होता तेवढाच ठेवला. मला तेव्हा त्याचं थोडं वाईट वाटलं. सगळं घर माझ्या जिवाची काळजी करतंय आणि यांना बसची वेळ.

सव्वापाचच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेलं, बोलणं हळू, मांडीवर नीट घडी घातलेला रुमाल. तासाभराने त्यांनी खिडकी जरा उघडता का म्हणून विचारलं. मी हात वर केला, जुडगं पिशवीच्या बंदात अडकलं आणि भोंगा सुरू झाला.

बस थांबली. पन्नास माणसांनी मागे वळून आधी मला पाहिलं, मग त्यांना. कंडक्टर आला आणि माझ्याशी काही न बोलता त्यांना म्हणाला, "आजोबा, उठा. पुढे येऊन बसा."

"त्यांनी काही केलेलं नाही," मी भोंग्याच्या वर आवाज काढून सांगितलं.

"ताई, तुम्ही घाबरू नका. आम्ही आहोत."

"मी घाबरलेले नाही. खिडकी उघडत होते."

"बायका असंच म्हणतात," मागून एक बाई समंजसपणे म्हणाल्या.

आजोबा रुमाल घेऊन पुढे जाऊन बसले. उरलेले चार तास मी त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत काढले. उतरताना मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या. माझ्या नातीलाही तसलाच घेऊन द्यावा म्हणतो. आवाज चांगला आहे." भोंगा मात्र तेवढ्यात आपलं आयुष्य संपवून बसला होता.

रुग्णालयात भांडारप्रमुख दारातच उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाजात भरपूर आपुलकी. "अजिबात संकोच करायचा नाही," ते म्हणाले. "मला मोठा भाऊ समजा." मला दोन सख्खे मोठे भाऊ आहेत. समजा असं त्यांना कधी म्हणावं लागलेलं नाही. हे तेव्हा फक्त मनात आलं आणि गेलं.

यंत्र ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत होतं. थिएटरच्या मुख्य सिस्टर, पन्नाशीच्या, बुटक्या आणि कमी बोलणाऱ्या, हाताची घडी घालून बघत होत्या. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"गॅस्केट बदलायला एक तास. पण बिजागरीही झिजलेली दिसतेय. चार वाजतील."

"याआधी आलेले, नुसतं बघून 'होईल' म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि मला एक स्टूल आणून दिलं. हे मी कौतुक म्हणून घेतलं.

अकरा वाजता मी यंत्राखाली शिरले. फोन वर, स्टुलावर. बिजागरीचा बोल्ट बाराला हलला, साडेबाराला निघाला. खाली उताणी पडून, तोंडात पाना धरून, बाई आपण सुखरूप आहोत हे कळवू शकत नाही. पण गटाला ते कसं समजणार? बारा वाजता 'सुखरूप' आलं नाही. बारा पाचला नवऱ्याने फोन केला. बारा दहाला रकानेसाहेबांनी प्रपत्र काढलं. सव्वाबाराला सावधानकाकांनी त्या गावच्या पोलीस ठाण्याचा नंबर मिळवला, आणि बारा वीसला मी अधिकृतपणे बेपत्ता झाले.

पावणेदोनला मी यंत्राखालून बाहेर आले तर समोर बुटांची एक चकचकीत जोडी. वर एक पोलीसबाई, हातात कागद.

"एक महिला हरवलीये," त्या म्हणाल्या. "मध्यम उंची, चष्मा, निळा शर्ट, जवळ लोखंडी पेटी."

"मीच ती. पण मी हरवलेले नाही."

"तसं तुम्हाला म्हणता येत नाही. हरवलेल्या माणसाने स्वतःच सापडलो म्हणायचं, याला काय अर्थ? ओळखणारं कुणीतरी लागतं." त्यांनी कागद उलटला. "निघताना घाबरलेली होती, असंही लिहिलंय."

"कुणी सांगितलं?"

"तक्रारदाराने. आवाजावरून तेच घाबरलेले वाटत होते."

शेवटी सिस्टरनी मला ओळखलं. त्यांची माझी ओळख पावणेतीन तासांची होती, पण कायद्याला तेवढी पुरली. मी जबाब दिला: मी अमुक, स्वतःच्या पायांनी आले, कामावर होते, सुखरूप आहे, कुणाविरुद्ध तक्रार नाही. ग्रीस लागलेल्या हाताने सही केली. पोलीसबाईंनी ठशाकडे पाहून "हा अंगठाही चालेल" असा शेरा मारला आणि गेल्या. तोवर रुग्णालयाच्या ध्वनिक्षेपकावरून माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं, दुसऱ्यांदा 'असल्यास' हा शब्द जोडून.

बरोबर चारला यंत्र सुरू झालं. दार लागलं, काटा चढला, एक थेंब वाफ बाहेर नाही. सिस्टर काट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन घेते." मी अहवाल भरून भांडारप्रमुखांकडे गेले.

"ठेवा तो इथेच," ते म्हणाले. "एवढ्या दमून आलात. मी संध्याकाळी सही करून हॉटेलवर आणून देतो. एकट्याच आहात ना?"

हॉटेल स्टँडसमोर होतं. लॉबीत सात-आठ जण बातम्या बघत बसलेले. काउंटरवरच्या माणसाने माझा अर्ज वाचला आणि, बातम्यांच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात, "दोनशे सात. एकट्याच? एकच रात्र?" असं विचारलं. लॉबीतल्या सगळ्यांना माझा कार्यक्रम समजला. चौदा रकान्यांच्या प्रपत्रात या माणसासाठी एकही रकाना नव्हता.

साडेसहाला दारावर टकटक झाली. मी साखळी लावून दार चार बोटं उघडलं. भांडारप्रमुख. शर्ट बदललेला, अत्तर लावलेलं, खिशातून अहवालाचं टोक दिसतंय.

"द्या ना," मी हात पुढे केला.

"असा दारातून कागद देतात का? आत बसून बोलू."

"खाली लॉबीत बसू या."

"लॉबीत? लोक काय म्हणतील?" ते हसले आणि त्यांनी बूट दाराच्या फटीत ठेवला. अगदी सहज, जणू बूट ठेवायची ती नेहमीचीच जागा होती. मग खांदा दारावर आला.

मला माझी फुशारकी मारायची नाही. गळ्यातली शिट्टी मी तोंडात धरली, पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं की तिच्यातून हवासुद्धा निघाली नाही. पाय कसे ठेवायचे ते काही आठवेना. काकांचा गुडघा तेवढा आठवला. नजर साखळीवर गेली. चार स्क्रूंपैकी दोन नव्हते, उरलेल्यांपैकी एक हलत होता. एकोणीस वर्षं मी दाराचे स्क्रू बघत आले आहे. हा किती वेळ टिकेल ते मला सेकंदात सांगता आलं असतं.

मी पाठ दाराला लावली, पाय समोरच्या पलंगाच्या लाकडावर रोवले, आणि यंत्र चालू करण्याआधी वर्कशॉपमध्ये देतो त्या आवाजात म्हटलं, "दार लावतेय. पाय काढून घ्या. राहिला तर मोडेल."

मी दाबलं. बूट गेला. दार लागलं.

"ठीक आहे," बाहेरून आवाज आला. आपुलकी होती तेवढीच होती. "मग सहीचं कसं होतं ते बघू."

पावलं जिन्यावरून उतरल्यावर मी लोखंडी पेटी दाराला लावली आणि तिच्यावर बसले. फोनवर गटाचे चार निरोप येऊन पडले होते. सात वाजले होते. मी 'सुखरूप' लिहिलं आणि पाठवलं. चारही जणांनी अंगठे दाखवले.

मग मी सिस्टरना फोन केला. काय झालं ते नीट सांगताही आलं नाही. "साहेब आले होते" एवढंच म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वीस मिनिटांत त्या स्कूटरवरून आल्या, माझी पेटी एका बाजूने उचलली आणि मला नर्सेसच्या वसतिगृहात घेऊन गेल्या.

"तुम्ही तिसऱ्या," खोलीचं कुलूप काढताना त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"या वर्षातल्या. औषधकंपनीची एक होती, एक हिशेबतपासनीस. आम्ही बोललो तर आमच्या ड्युट्या बदलतात. बाहेरून येणाऱ्या लेखी देत नाहीत, कारण त्यांना सही हवी असते." त्यांनी मला उशी दिली. "झोपा. सही माझी चालते का बघू सकाळी."

ती चालत होती. अहवालाची दुसरी प्रत माझ्या पेटीत होती, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: 'भांडारप्रमुख किंवा वापरकर्ता विभागप्रमुख'. हे मी एकोणीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं. पहिलं ऑपरेशन पार पडल्यावर सिस्टरनी सही केली, शिक्का मारला आणि मला स्टँडवर सोडलं.

ऑफिसात मॅनेजरनी सही पाहून माझं अभिनंदन केलं. रकानेसाहेबांनी प्रपत्र पुढे केलं. चौदावा रकाना उरला होता: 'प्रवासात धोका आढळला काय? होय/नाही'.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. "वाईट झालं," ते म्हणाले, आणि मला वाटतं, मनापासून म्हणाले. "पण एक अडचण आहे. 'होय' लिहिलं तर पुढचे रकाने भरावे लागतात, आणि ते अजून छापलेले नाहीत. शिवाय चौकशी होईपर्यंत महिला कर्मचाऱ्यांचे दौरे बंद. म्हणजे तुमचेच. तुमची जागा जाईल हो. काम तर झालंय. 'नाही' लिहून मोकळ्या व्हा. उद्या द्या, घाई नाही."

मी प्रपत्र घरी आणलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो उठला, बसचं वेळापत्रक काढून सव्वापाचची की पावणेआठची ते बघू लागला, आणि मग हळूच खाली बसून म्हणाला, "पण तिथे जाऊन मी नेमकं काय करू?"

सासूबाई टीव्हीसमोर होत्या. त्यांनी ऐकलंय हे आम्हाला कळलं नव्हतं.

"मी शिलाई मशीनच्या कंपनीत शिकवायला जायचे, गावोगाव," त्या टीव्हीकडे बघतच म्हणाल्या. "आठ महिने."

हे आम्हाला माहीत होतं. पाठ दुखायला लागली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, असं आमच्या घरात सगळे सांगतात. त्यांच्या पाठीवर चाळीस वर्षं औषधं चालू आहेत.

"पाठीला काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "डेपोचा व्यवस्थापक होता. हजेरीवर त्याचीच सही लागायची. दुसऱ्या कुणाची चालत नव्हती."

नवरा आईकडे बघत राहिला. पन्नास वर्षांचा माणूस. त्याला त्या क्षणी हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"कुणी रकाना दिला होता?" त्या म्हणाल्या. "लिही तू. आणि अक्षर जरा बरं काढ. तुझं वाचता येत नाही."

मी 'होय' लिहिलं. पुढचे रकाने छापलेले नव्हते, म्हणून मागची कोरी बाजू घेतली, आणि ती पूर्ण भरली. रकानेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि आवक नोंदवहीत नंबर टाकला. माझे दौरे बंद झाले. सहा आठवडे मी वर्कशॉपमध्ये परत जुनीच यंत्रं उघडत होते, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे, भोंगा मीच वाजवला असं समजून, बघत होता.

पण लेखी कागदाला पाय असतात. रुग्णालयाच्या अधीक्षकांना तो पोहोचला. त्यांनी सिस्टरना बोलावलं, आणि या वेळी सिस्टर एकट्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर नऊ जणी होत्या. हिशेबतपासनीस बाईंनी पत्र पाठवलं. औषधकंपनीच्या मुलीने फोनवर सांगितलं, मग तेही लिहून दिलं. भांडारप्रमुखांना आधी निलंबित केलं, आणि मग काढलं. फिरतीची जागा मला मिळाली. महिन्यातले अकरा दिवस मी बाहेर असते. गटातून मी बाहेर पडले आहे. सावधानकाका तिथे अजून दर तासाला स्वतःच 'सुखरूप' लिहितात.

काढल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"नोकरीची किती वर्षं राहिली होती त्याची?"

"चार."

त्यांनी थोडा वेळ हिशेब केला.

"माझ्या वेळचा, पूर्ण पेन्शन घेऊन गेला," त्या म्हणाल्या, आणि आवाज परत वाढवला.